"कडेनं चालव" असं आपणच सांगतो ना?

संध्याकाळपासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय. कडेला उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं आणि मागून येणारा आठ-नऊ वर्षांचा मुलगा सायकलसकट त्यावर आपटला. गाडीतला माणूस उतरला तो आधी दारावर चरा पडलाय का ते बघायला. मग पोराकडे वळून, "बघून चालवता येत नाही का रे?"

बघून! दार उघडणार हा, आणि बघायचं त्यानं?

मी धावले. गुडघा सोलवटलेला, तळव्यांत खडी रुतलेली. रडत नव्हता. पहिला प्रश्न काय, "काकू, सायकल मोडली का? घरी ओरडतील."

सायकल हातात दिल्या दिवसापासून आपण एकच घोकवतो, कडेनं चालव. अहो, कडेलाच तर गाड्या उभ्या असतात! त्यांच्यापासून दाराएवढं, निदान एक मीटर अंतर सोडून जायचं हे त्याला कुणी शिकवलं होतं? आणि सोडलं असतं तर मागून हॉर्न बोंबलला असता, "मधून काय चालवतोस!" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हेल्मेट होतं हो, विचारणाऱ्यांसाठी सांगते. मागे सरकलेलं, कपाळ उघडं, पट्टा लोंबतोय. भुवयांच्या वर दोन बोटं, सपाट बसलं नाही तर ती नुसती टोपी. सायकलही वाढत्या अंगाची घेतलेली, बोटं ब्रेकपर्यंत पोचेनात. बहुतेक ब्रेकच्या दांडीला एक बारका स्क्रू असतो, तो पिळला की दांडी मुठीजवळ येते. दोन मिनिटांचं काम. इथे घरच्यांचं चुकलं, मान्य. पोरं हात सोडून चालवतात, शर्यती लावतात, तेही मान्य. पण पोरंच ती! ताशी 50 च्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात 14 मीटर पुढे सरकते. याचा अंदाज आपल्याला येत नाही, त्यांना कुठून येणार? आणि घरांमधल्या रस्त्यावर 50 नं जायचं अडलंय कुणाचं? कुठली आग विझवायला निघालेले असतात हे लोक?

असो. खरं सांगू का, त्या माणसावर एवढी चिडले त्याला कारण आहे. मागच्या वर्षी मीही फोनवर बोलता बोलता असंच दार उघडलं होतं. एका मुलीनं करकचून ब्रेक मारला, जेमतेम वाचली, आणि मलाच "सॉरी काकू" म्हणून गेली. तिनं सॉरी म्हणावं! तेव्हापासून दार पलीकडच्या, म्हणजे दारापासून लांबच्या हातानं उघडते. अंग आपोआप वळतं, मान मागे जाते, रस्ता दिसतो. इतकं सोपं होतं ते.

आजच्या पोराचं हँडल वाकडं झालं होतं. चाक गुडघ्यांत धरून दोघांनी सरळ केलं. त्यानं घंटी वाजवून पाहिली, वाजली, तेव्हा कुठे हसला. सायकलवर बसला मात्र नाही. हातात धरून चालत निघाला, उभ्या गाड्यांच्या अगदी कडेकडेनं.