पंटला टाळ्या

गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत घराणेशाही निघाली. कुणा पुढाऱ्याच्या मुलाला तिकीट मिळालं होतं. भांडण रंगल्यावर दादाने हुकमाचं पान टाकलं, ‘तुमच्या तिकडे अमेरिकेत असलं खपत नाही.’

दादा, मी आयोवा सिटीत राहतो रे! इथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या गादीवर १९९९ पासून कर्क फेरेन्ट्झ बसलेत, आणि २०१७ ते २०२३ आक्रमणाची सूत्रं त्यांच्या मुलाकडे, ब्रायनकडे होती. नात्यागोत्याचा नियम आड येऊ नये म्हणून कागदोपत्री मुलगा वडिलांच्या नव्हे, क्रीडा संचालकांच्या हाताखाली. ओळखीचं वाटतंय ना?

बरं, पोरगा हुशार निघाला असता तर कोण बोललं असतं? हा फुटबॉल अंडाकृती चेंडूचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं. तीन फसले की चौथ्यावर बहुधा लाथ मारून चेंडू लांब समोरच्यांच्या हद्दीत धाडायचा, तो पंट. ब्रायनचा डाव गल्लीतली पोरंही आधी सांगायची. मधून घुसायचं, दोन यार्ड. परत मधून, एक यार्ड. मग सात यार्ड हवे असताना चार यार्डांवरच्या गड्याला पास. मग पंट. २०२२ च्या सलामीला आम्ही साउथ डकोटा स्टेटला ७-३ हरवलं, तेही एकदाही चेंडू गोलरेषेपार नेऊन टचडाउन न करता: एक तीन गुणांचा फील्ड गोल, आणि उरलेले चार गुण बचावफळीच्या दोन सेफ्टींचे, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच गोलरेषेमागे अडवल्याचे.

२१ ऑक्टोबर २०२३ ला मिनेसोटाविरुद्ध मी किनिक स्टेडियममध्ये होतो. शेजारचे काळ्या-पिवळ्या स्वेटरातले आजोबा प्रत्येक पंटला उभे राहून टाळ्या वाजवत होते. पंट मारणारा मेलबर्नचा टोरी टेलर खरंच अफलातून, पण संघाचा सगळ्यात लाडका खेळाडू पंट मारणारा असावा, यातच काय ते आलं. शेवटच्या दोन मिनिटांत कूपर डीजीनने समोरून आलेला पंट थेट गोलरेषेपार नेला. चेंडू उचलण्याआधी त्याने हात हलवला होता, तो ‘मी पळणार नाही’ असा इशारा धरून पंचांनी तो रद्द केला आणि आम्ही १२-१० हरलो. आजोबा पंचांना शिव्या घालत होते. माझं म्हणणं, अख्ख्या सामन्यात १२७ यार्ड करणाऱ्यांनी पंचांकडे बोट दाखवू नये.

इथले भक्त म्हणतात, हा सबुरीचा खेळ आहे. मी शिवाजी पार्कच्या कडेला वाढलो, मला सबुरी शिकवू नका. मुंबईचा खडूस फलंदाज विकेट फेकत नाही, गोलंदाजाला दमवतो आणि मग धावा लुटतो. आम्ही मात्र आपणहून विकेट देऊन वर टाळ्या घेतो. गावसकरांच्या १९७५ च्या विश्वचषकातल्या लॉर्ड्सवरच्या १७४ चेंडूंतल्या नाबाद ३६ धावा आठवल्या की मुंबईकर म्हणून आजही मान खाली जाते, पण तो एक दिवस होता. इथे दर शनिवारी.

पंचाईत अशी की बचावफळीच्या जिवावर आम्ही जिंकत होतो. २०२३ मध्ये दहा सामने जिंकले, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. मग मिशिगनने आमच्या ‘बिग टेन’ गटाच्या अंतिम सामन्यात २६-० आणि टेनेसीने सिट्रस बोलमध्ये ३५-० असं धुतलं.

त्या वर्षी ब्रायनच्या करारात मात्र आकडा लिहिला गेला होता: सामन्यामागे सरासरी २५ गुण. पगारही कापला. ऑक्टोबर संपता संपता, हंगाम चालू असतानाच, जाहीर झालं की पुढच्या वर्षी तो नसेल. शेवटी सरासरी भरली १५.४. वडील राहिले.

हे सगळं ग्रुपवर टाकलं आणि म्हटलं, बघ दादा, घराणेशाही आहेच, पण इथे निदान आकडा लिहितात. दादा आयुष्यभर सहकारी बँकेत ऑडिट करत आला. त्याने विचारलं, ‘त्या २५ मध्ये बचावफळीचे गुण धरले होते का?’

धरले होते.