अबोली की डाळिंबी

बी.एस्सी. केमिस्ट्री मी १९९८ ला केलं आणि तेव्हापासून आजतागायत विमा विकतोय. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये "स्विमिंग पूल बघणारा पोरगा काम सोडून गेला" हा विषय निघाला आणि कुणीतरी मागनं म्हणालं, "आपले साहेब केमिस्ट्रीवालं हायत की", झालं, सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी म्हटलं अहो माझा आणि टेस्ट ट्यूबचा पंचवीस वर्षं संबंध नाही, तर चेअरमन म्हणाले, वीरधवल खाडेच्या गावात पूल बंद ठेवायचा म्हणजे शोभतं का? आता त्यानं २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय पोहून ब्राँझ मिळवलं ह्यात माझा काय गुन्हा. पण कोल्हापुरात इज्जतीचा प्रश्न आला की माणूस नाही म्हणू शकत नाही.

खरं सांगू का, मी स्वतः पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, तो पण चुलत्यानं वरनं ढकलला म्हणून. पाणी हिरवंगार, तळाला काय आहे ते देवाला माहीत, एक कासव अधनंमधनं वर येऊन बघून जायचं. पीएच किती, म्हणजे पाणी आंबट किती, म्हणून कुणी विचारलं नाही. कासवानं पण नाही.

तर पूल १२ मीटर बाय ६, खोली सरासरी सव्वा मीटर, म्हणजे ९० हजार लिटर पाणी. आणि हे ९० हजार लिटर कसं आहे ते ठरवायचं दोन इवल्याशा नळ्यांवर. पिवळ्या डबीतलं किट, एका नळीत क्लोरीनचं औषध, दुसरीत फिनॉल रेडचे पाच थेंब, टोपण लावून हलवायची, आभाळाकडं धरायची आणि शेजारच्या रंगाच्या पट्टीशी जुळवायची. इथंच सगळा घोळ. मला रंग चार कळतात. लाल, पिवळा, हिरवा आणि बाकीचे. पट्टीवर पिवळ्यापासून गुलाबीपर्यंत सगळा जिना, आणि आपल्याला हवा मधलाच, पीएच ७.२ ते ७.६ च्या आसपासचा. वॉचमन मामा म्हणाले "तांबडं हाय", चेअरमन म्हणाले "केशरी", शेवटी बायकोला खाली बोलावलं. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "अहो हा लिंबू कलर आहे सरळसरळ."

लिंबू म्हणजे ६.८. पाणी आंबट. पोरांचे डोळे का चुरचुरत होते ते कळलं. आधीच्या पोरानं वर्षभर नुसत्या क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या होत्या, त्या गोळ्या मुळात आम्लधर्मी, त्यामुळं पाण्याची अल्कलिनिटी खाली बसली होती, ८० ते १२० पीपीएम पाहिजे तिथं ४०. अल्कलिनिटी म्हणजे पीएचचा लंगर समजा, तो सुटला की पीएच रोज वेगळं नाटक करतो.

त्यावर उपाय एकदम घरगुती, खाण्याचा सोडा. हिशेब केला, सहा किलो. लक्ष्मीपुरीत नेहमीच्या दुकानात मागितला तर शेठ चष्म्यावरनं बघत म्हणाला, "भज्याचा गाडा टाकलायसा काय?" मी म्हटलं पूलमध्ये टाकायचाय. त्यानं पुढं काय विचारलंच नाही, गुपचूप वजन केलं.

आता ह्यात चूक माझीच. मी मामांना सांगून गेलो, "तो सोडा संध्याकाळी बादलीत कालवून टाका." मोटार-खोलीत आधीच एक सोड्याची गोणी पडलेली होती, धुण्याच्या सोड्याची. मामांनी ती घेतली. मी विचारलं तर म्हणतात, "सोडा म्हंजे सोडाच की ओ." (सहा किलो माझा तसाच पिशवीत, आजही आमच्या घरी ढोकळा सोडून दुसरं काय होत नाही.)

सकाळी बघतो तर पूल पांढराफेक. धुण्याच्या सोड्यानं पीएच धाडकन वर गेला आणि बोअरच्या पाण्यातला सगळा कॅल्शियम चुन्यासारखा बाहेर पडला. बाल्कनीतनं एक काका ओरडले, "पांढरा रस्सा तयार हाय, तांबडा कवा?" नळी धरली, बायको वरनंच म्हणाली, "राणी कलर!" राणी म्हणजे ८.२ किंवा त्याच्याही वर, पट्टीच तिथं संपते.

मग अ‍ॅसिड. इतक्या वर्षांत कॉलेजातलं एकच वाक्य डोक्यात शिल्लक होतं, पाण्यात अ‍ॅसिड घालायचं, अ‍ॅसिडात पाणी नाही, आणि ते कामाला आलं. अ‍ॅसिडचा कॅन आणायला खोलीत गेलो तर तो कॅन ब्लीचिंग पावडरच्या पोत्यावर आरामात बसलेला. ते दोघं एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो, माझे पाय लटपटले. मामांना सांगितलं, ह्यांना एका खोलीत ठेवायचं नाही. मामा म्हणाले, "भावकी हाय म्हणा की."

पीएच उतरायला चार दिवस लागले आणि तेवढ्यात पाणी हिरवं पडलं. म्हणजे आता रंकाळा. क्लोरीन टाकत होतो, पण ८.२ ला त्यातला पाचवा हिस्सासुद्धा धड कामाला लागत नाही, बाकीचा नुसता पगार घेतो. वर पाण्याला उग्र वास. तातडीची मीटिंग. सगळे म्हणाले क्लोरीन लई झालंय. मी उभा राहून सांगितलं, वास येतोय कारण क्लोरीन कमी पडतंय, ते घाम आणि, माफ करा, लघवीला चिकटून बसतं आणि त्याचा हा वास आहे, त्यामुळं अजून टाकायला लागणार, एकदम भरपूर, रात्री, कारण ऊन त्याला खाऊन टाकतं. पहिल्या वाक्यावर लोक हसले. लघवीवर मात्र एकदम शांतता झाली आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोराकडं बघायला लागला. ठराव एकमतानं पास.

रात्री शॉक दिला, म्हणजे ते भरपूर क्लोरीन एकदम टाकलं. दुसऱ्या दिवशी तुरटी कालवून टाकली, पंप बंद, सगळा गाळ तळाला बसल्यावर व्हॅक्यूमनं बाहेर, वाळूचा फिल्टर दोनदा उलटा धुतला. तुरटीनं पीएच परत जरा खाली ओढला, ते राहिलंच सांगायचं, पण आता मला कशाचं काय वाटत नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तळाची निळी फरशी दिसली. अक्षरशः फटीतला सिमेंट दिसत होता. नळी धरली. बायको चहाचा कप घेऊन खाली आली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अबोली." ७.४! मी तिथंच मामांना मिठी मारली. गेटला कुलूप घातलं, म्हटलं उद्या रविवारी उद्घाटन.

त्या गडबडीत कॅलेंडर बघायचं राहिलं. रविवारी रंगपंचमी. कोल्हापुरात त्या दिवशी कुलूप वगैरे प्रकार चालत नाही. मी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून नारळ घेऊन खाली येईपर्यंत सगळी पोरं पूलमध्ये, डोक्यापासनं पायापर्यंत रंगलेली, आणि मधोमध चेअरमन, बटरफ्लाय मारत होते.

मी काय बोललो नाही. सवयीनं नळी बुडवली, भरली, आभाळाकडं धरली. बायकोनं लांबनंच बघितलं.

"राणी कलर," म्हणाली.

"अगं, अजून औषध टाकलंच नाही."