चोरत नाहीत, विकत घेतात! ब्रिटिश मालिकांच्या अमेरिकन रीमेकबद्दलचा तो फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात तो फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. तुमच्याकडेही आला असेल. वर ठळक अक्षरात 'अमेरिकन चॅनेलवाले ब्रिटिश मालिका पुन्हा का बनवतात?' आणि खाली पाच मुद्दे: त्यांना ब्रिटिश उच्चार कळत नाहीत, त्यांच्याकडे स्वतःच्या कल्पना उरल्या नाहीत, ते सरळ चोरी करतात आणि मूळ लेखकाला दमडी देत नाहीत, नावं बदलून बाकी सगळं तेच ठेवतात, आणि म्हणून एकूण एक रीमेक आपटतो. दोनदा वाचून सोडून दिलं. तिसऱ्यांदा तो माझ्या भाच्याने टाकला आणि खाली लिहिलं, 'बघ मावशी, मी म्हणत नव्हतो?'

तो काय म्हणत होता ते सांगते. तो आणि त्याचे मित्र मिळून यूट्यूबसाठी मराठी वेब सिरीज करतायत. कोकणातलं किनाऱ्यावरचं गाव, शाळकरी मुलाचा खून, बाहेरून आलेला तुसडा पोलीस अधिकारी आणि त्याच्या हाताखाली गावातलीच एक बाई, जिचं प्रमोशन याच्यामुळे हुकलंय. ज्यांनी 'ब्रॉडचर्च' ही ब्रिटिश मालिका बघितलीये त्यांना पुढचं सांगायला नको. मी म्हटलं अरे हे तर सीनला सीन तेच आहे, हक्कांचं काय? तर म्हणाला, 'अगं मावशी, अमेरिकावाले तरी कुठे विचारतात!'

म्हणून तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे नुसते चुकीचे आहेत पण हा एक मुद्दा पोरांना कोर्टात नेऊन उभा करेल.

अमेरिकावाल्यांनी विचारलं होतं. 'ब्रॉडचर्च'चंच घ्या. २०१३ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही चॅनेलवर आली, लेखक ख्रिस चिबनॉल. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स चॅनेलने तिची 'ग्रेसपॉइंट' केली तेव्हा हाच चिबनॉल कार्यकारी निर्माता होता, पहिला भाग त्यानेच लिहिला, आणि मुख्य भूमिकेत पुन्हा तोच डेव्हिड टेनंट. चोराच्या घरी मालक स्वतः जाऊन पहिला भाग लिहून देतो का? 'हाऊस ऑफ कार्ड्स'च्या नेटफ्लिक्स आवृत्तीत मूळ कादंबरीकार मायकल डॉब्स आणि बीबीसीसाठी ती लिहिणारा अँड्र्यू डेव्हिस, दोघांची नावं कार्यकारी निर्माते म्हणून आहेत. 'शेमलेस'मध्ये मूळ लेखक पॉल अॅबटचं आहे. ही नावं टायटल्समध्ये येतात, फक्त आपण ती 'स्किप इंट्रो' करून पुढे जातो.

शिवाय हे हक्क विकणं हा ब्रिटिश निर्मात्यांचा रीतसर धंदा आहे. आधी चॅनेल पैसे द्यायचं आणि जवळपास सगळे हक्क स्वतःकडे ठेवायचं. २००३ च्या तिथल्या कम्युनिकेशन्स अॅक्टनंतर स्वतंत्र निर्मात्यांबरोबर कसे करार करायचे याची नियमावली चॅनेल्सवर बंधनकारक झाली, आणि परदेशी विक्रीचे, रीमेकचे हक्क निर्मात्यांच्या हातात राहायला लागले. म्हणजे ज्या गोष्टीला हा फॉरवर्ड लूट म्हणतोय ती तिकडच्या छोट्या कंपन्यांची कमाई आहे.

आता भाच्याचं दुसरं म्हणणं, की कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. हे अर्धं खरं आहे, मान्य करते, आणि त्याला फार आनंद होऊ नये म्हणून उरलेलं अर्धंही सांगते. आपल्या सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. एका नाटकावरून सिनेमा ढापला असा दावा होता आणि नाटककार हरला. कोर्ट म्हणालं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, ती कल्पना ज्या पद्धतीने मांडली त्या मांडणीवर असतो. पण त्याच निकालात कसोटीही दिलीये: दोन्ही कलाकृती बघितलेल्या प्रेक्षकाला जर स्पष्टपणे वाटलं की दुसरी ही पहिलीची नक्कल आहे, तर ते उल्लंघन. किनाऱ्यावरचं गाव आणि मुलाचा खून, खुशाल घे. पण तुझ्या पटकथेच्या फाईलमध्ये सीनसमोर मूळ भागाची मिनिटं लिहून ठेवलीयत रे, ती कसोटी तू स्वतःच स्वतःवर लावून ठेवलीयस.

उच्चारांचा मुद्दा तर अगदीच फालतू आहे. अमेरिकेतलं पीबीएस हे सार्वजनिक चॅनेल 'मास्टरपीस'खाली १९७१ पासून ब्रिटिश मालिका मूळ रूपात दाखवतंय, 'डाउन्टन अॅबी' तिथेच गाजली, आणि 'ब्रॉडचर्च' खुद्द अमेरिकेतल्या 'बीबीसी अमेरिका' चॅनेलवर २०१३ मध्येच लागून गेली होती, रीमेकच्या आधी. आणि कारण उच्चार असते तर 'होमलँड' हिब्रू मालिकेवरून आणि 'द किलिंग' डॅनिश मालिकेवरून कशाला केली असती? तिथे प्रश्न अख्ख्या भाषेचा होता हे मान्य, पण मग ब्रिटिशांचं वेगळं काय राहिलं?

कल्पना संपल्या म्हणे. संपल्या नाहीत, पण चाललेली गोष्ट विकत घेणं सोपं जातं एवढं खरं. नेटवर्कला नवीन मालिकेची खात्री नसते, पायलटवर, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागावर, पैसे ओतायचे आणि त्यातले बहुतेक फेकून द्यायचे, त्यापेक्षा एकदा प्रेक्षकांसमोर सिद्ध झालेली पटकथा हातात असली की वरच्या साहेबांना पटवता येतं. पण मग मूळ मालिकाच का लावत नाहीत, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मालकी हे आहे. परदेशी मालिका लावली तर ठराविक काळ दाखवायचा परवाना मिळतो, बस. स्वतः बनवली की ती आवृत्ती तुमची, जगभर विका, पुनःप्रक्षेपणाला विका. अमेरिकेत १९७० पासून सरकारी नियम होता की नेटवर्कने प्राइम टाइम मालिकांची मालकी स्वतःकडे ठेवायची नाही, तो १९९० च्या दशकात गेला आणि मग प्रत्येक नेटवर्कला आपल्या घरची मालिका हवीशी झाली.

त्यात भर भागांची. पुनःप्रक्षेपणाला चांगला भाव मिळायचा तर साधारण शंभर भाग लागतात असा तिथला जुना हिशोब. ब्रिटिश 'हाऊस ऑफ कार्ड्स' १९९० ची, चार भागांची, पुढचे दोन खंड धरून बारा. चार भाग दाखवून वर्षभराचा स्लॉट भरणार कसा? ब्रिटनमध्ये बऱ्याचदा एकच लेखक सहा-आठ भाग लिहितो, अमेरिकन नेटवर्कला बावीस हवे असायचे म्हणून लेखकांची अख्खी टोळी एका खोलीत बसवायचे. आणि बीबीसीवर जाहिराती नाहीत त्यामुळे भाग जवळजवळ तासभर चालतो, अमेरिकन नेटवर्कच्या तासात मालिकेला मिळतात ४२-४४ मिनिटं, म्हणजे तसाच लावायचा तर आधी कात्री.

नावं बदलून तेच, या मुद्द्यावर 'ग्रेसपॉइंट'पुरती मी गप्प बसते. सुरुवातीचे भाग खरंच जसेच्या तसे वाटतात, शेवट तेवढा फिरवलाय. पण 'द नाइट ऑफ' बघा. मूळ बीबीसीची 'क्रिमिनल जस्टिस', २००८, पीटर मॉफटची, पाच रात्री सलग दाखवलेली. वडिलांची टॅक्सी घेऊन बाहेर पडलेला पोरगा, एक मुलगी, सकाळी तिचं प्रेत. अमेरिकेतल्या एचबीओ या केबल चॅनेलने २०१६ मध्ये 'द नाइट ऑफ' करताना तो पोरगा क्वीन्समधल्या पाकिस्तानी वंशाच्या घरातला केला, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या न्यूयॉर्कमधला, आणि तिथून गोष्ट पूर्ण वेगळी होते. टॅक्सी पुरावा म्हणून जप्त, ती भागीदारीत घेतलेली, म्हणजे बापाची कमाई बंद आणि भागीदारांचीही. पोरगा रायकर्स आयलंडच्या तुरुंगात. इंग्लंडमध्ये अशिलाचं बाकीचं काम बघणारा सॉलिसिटर वेगळा आणि कोर्टात उभा राहणारा बॅरिस्टर वेगळा, न्यूयॉर्कमध्ये तो भेद नाही, म्हणून त्या एका दमलेल्या वकिलाचं पात्र एवढं मोठं होऊ शकतं. कायदा बदलला की माणसं बदलतात, नुसती नावं नाही.

आणि हीच मालिका २०१९ मध्ये 'क्रिमिनल जस्टिस' याच नावाने हॉटस्टारवर आली, गोष्ट मुंबईतली करून. माझा भाचा ज्या माधव मिश्रावर जीव टाकतो ना, पंकज त्रिपाठीचा, तो याच सांगाड्यातून आलाय. अप्लॉज ही इथली निर्मिती कंपनी आणि बीबीसी स्टुडिओज यांनी मिळून केली. आपल्याकडे ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, नाहीत, त्यामुळे कोर्टाचा सगळा खेळच वेगळा मांडावा लागला. इथेही परवानगी घेतली होती, बाळा.

राहिलं आपटण्याचं. 'शेमलेस' मँचेस्टरमधून शिकागोला गेली आणि ११ सीझन, १३४ भाग चालली. नेटफ्लिक्सची 'हाऊस ऑफ कार्ड्स' सहा सीझन, ७३ भाग. मात्र मोठ्या नेटवर्कांवर असे गंभीर रीमेक आपटल्याची उदाहरणं आहेत हे कबूल करायलाच हवं: एनबीसीची 'प्राइम सस्पेक्ट' १३ भागांत संपली, एबीसीची 'लाइफ ऑन मार्स' १७, 'ग्रेसपॉइंट' १०. वरच्या ज्या दोन टिकल्या त्या केबलवर आणि स्ट्रीमिंगवर, जिथे जाहिरातींची आणि बावीस भागांची सक्ती नव्हती.

फाईल मी मागवून घेतलीये. ज्या सीनसमोर मिनिटं लिहिलीयत ते सगळे लाल केलेत, एकूण एकतीस. उरले नऊ. त्यातला तो मासळी लिलावाचा सीन, जिथे ती पोलीसबाई आपल्याच चुलत्याला प्रश्न विचारते आणि सगळा बाजार गप्प होतो, तो त्याने स्वतः लिहिलाय. तिथून सुरू कर म्हणून सांगितलंय त्याला, रविवारी बसतोय आम्ही.