लंडनच्या त्या सात दफनभूमी सरकारने बांधल्या नव्हत्या

लंडनच्या जुन्या दफनभूमींबद्दल एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉलऱ्याचे जंतू सापडले म्हणून सरकारने शहराबाहेर बागेसारख्या सात दफनभूमी बांधल्या, तिथे फक्त श्रीमंतांना जागा मिळे, आणि मार्क्ससह सगळे थोर लोक पहिल्या दिवसापासून भव्य समाध्यांखाली आहेत. शहराबाहेर सात दफनभूमी झाल्या, एवढंच यात खरं आहे.

जंतूंची गोष्ट तारखांवरच कोसळते. सातांपैकी पहिली, केन्सल ग्रीन, १८३३ मध्ये सुरू झाली आणि शेवटची, टॉवर हॅम्लेट्स, १८४१ मध्ये. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जिवाणू ओळखला तो १८८३-८४ मध्ये. त्याआधी बहुतेक डॉक्टर मानत की कुजण्याची दुर्गंधीच रोग पसरवते. चर्चची आवारं तर इतकी भरली होती की नवं प्रेत पुरायला जुनी हाडं उकरावी लागत. १८३१-३२ च्या कॉलऱ्याच्या साथीने भीती वाढवली. कारण चुकीचं समजलं होतं, तरी शहरातलं दफन थांबवायलाच हवं होतं.

‘सरकारने बांधल्या’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्यामुळे या जागांचा खरा स्वभावच झाकला जातो. संसदेने कायदा करून परवानगी दिली. पैसा खासगी कंपन्यांच्या भागधारकांचा होता. जॉर्ज कार्डन नावाच्या बॅरिस्टरने पॅरिसची पेर लाशेज ही दफनभूमी पाहिली आणि लंडनलाही तसं काही हवं म्हणून अनेक वर्षं खटपट केली. केन्सल ग्रीन हे तिचं फळ. कंपनीला कबरींच्या जागा विकायच्या होत्या, आणि त्यासाठी नामवंत मृत फार उपयोगी पडत. पॅरिसने हे आधीच करून पाहिलं होतं: १८०४ मध्ये उघडलेल्या पेर लाशेजकडे लोक फिरकेनात, तेव्हा १८१७ मध्ये नाटककार मोलिएरच्या म्हणून जपलेल्या अस्थी तिथे आणल्या गेल्या. केन्सल ग्रीनचं भाग्य उजळलं ते १८४३ मध्ये. राजा तिसऱ्या जॉर्जचा मुलगा, ड्यूक ऑफ ससेक्स, विंडसरला, राजघराण्याच्या दफनस्थानी, न जाता तिथे पुरला गेला. पाच वर्षांनी त्याची बहीण सोफियाही तिथेच आली. राजघराण्यातली माणसं जिथे गेली तिथे जायला मग प्रतिष्ठितांना संकोच उरला नाही. सरकार खऱ्या अर्थाने उतरलं ते १८५० नंतरच्या कायद्यांनी, शहरातली आवारं बंद करायला.

फक्त श्रीमंत? सातांपैकीच एक असलेल्या हायगेटमध्ये सुमारे ५३,००० कबरी आहेत आणि पुरलेली माणसं सुमारे १,७०,०००. काही कबरी कुटुंबांच्या आहेत हे खरं, पण एकमेकांशी काही नातं नसलेली माणसं एकावर एक पुरलेल्या सामायिक कबरीही तिथे आहेत. टॉवर हॅम्लेट्समध्ये तर गरिबांचीच संख्या मोठी.

मार्क्सचं म्हणाल तर १८८३ मध्ये त्यांना हायगेटमध्ये पुरलं तेव्हा जेमतेम डझनभर माणसं होती आणि कबर साधी होती. आज कबरीवर दिसतं ते मार्क्सच्या पुतळ्याचं मोठं डोकं १९५६ चं. त्याआधी, १९५४ मध्ये, अवशेष दर्शनी जागेत हलवले गेले. हायगेटमध्येच शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे आहेत, साध्या दगडाखाली, अँग्लिकन चर्चबाहेरच्यांसाठी राखलेल्या भागात. हा माणूस आपल्या छोट्या पंथाशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिला, म्हणून ती जागा मला कुठल्याही भव्य समाधीपेक्षा जवळची वाटते.

‘पहिल्या दिवसापासून तिथेच’ याला सर्वांत चांगलं उत्तर लंडनबाहेर, ब्रिस्टलमध्ये मिळतं. राममोहन रॉय १८३३ मध्ये तिथे वारले आणि एका घराच्या बागेत पुरले गेले. दहा वर्षांनी त्यांचे अवशेष आर्नोज व्हेलमध्ये हलवले. ही दफनभूमीही त्याच पिढीतली, कंपनीनेच काढलेली. तिथे त्यांच्यावर भारतीय घडणीची छत्री उभी राहिली ती त्यांचे मित्र द्वारकानाथ टागोर यांच्यामुळे. पुढे १ ऑगस्ट १८४६ रोजी द्वारकानाथही लंडनमध्ये वारले. त्यांची कबर केन्सल ग्रीनमध्ये आहे. मजकुरातल्या थोरांच्या यादीत त्यांचं नाव नाही. पुढे पाठवणाऱ्यांनी निदान ते घालावं.