'लेखकाने कधी कॅसेट काढलेली नसावी': एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या चाकाची कॅसेट, म्हणजे गियरच्या दातेरी चकत्यांची चळत, कशी बसवायची यावर लिहिलं, त्यावर एका अनामिक वाचकाची प्रतिक्रिया आली. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणू नये म्हणून आधी तिचा गोषवारा देतो. आक्षेप चार आहेत. लॉकरिंग (कॅसेट जागेवर दाबून धरणारी आट्यांची कडी) टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याशिवाय, हाताच्या अंदाजाने आवळायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, कारण लॉकरिंगवर ४० न्यूटन मीटर असं छापलेलंच असतं. स्पेसरबद्दल (कॅसेटच्या मागे घालायच्या पातळ कडीबद्दल) पुरेसं लिहिलेलं नाही. फ्रीहबच्या (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्याच्या) खाचांना ग्रीस लावलं की धूळ धरते. आणि चेन किती झिजली आहे हे न बघता नवी कॅसेट चढवायला सांगणं म्हणजे अर्धवट सल्ला. या सगळ्याच्या शेवटी एक वाक्य: 'एकूण लेख वाचून लेखकाने स्वतःच्या हाताने कधी कॅसेट काढलेली नसावी असंच वाटतं.'

चारही आक्षेप मी चहा पीत, शांतपणे वाचले. शेवटच्या वाक्यापाशी चहा बाजूला ठेवला.

महोदय (किंवा महोदया, आपण नाव न लावल्यामुळे मला कळायला मार्ग नाही), टीकेला माझी ना नाही. याआधीही लोकांनी इथे चुका दाखवल्या आहेत आणि मी त्या दुरुस्त केल्या आहेत. पण मुद्दा मांडणं वेगळं आणि माणसाच्या हाताला काळं लागलंय की नाही याचा निकाल देऊन मोकळं होणं वेगळं. टॉर्कबद्दलचा तोच आक्षेप 'इथे आकडा द्यायला हवा होता' एवढ्या शब्दांत सांगता आला असता. मी दोन ओळींत आभार मानले असते आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. शाळेच्या सुट्ट्यांत मी सायकल दुरुस्तीच्या कामावर बसायचो. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकलींना कॅसेट नव्हतीच, फ्रीव्हील होतं. फ्रीव्हील सगळंच्या सगळं हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं आणि प्रत्येक पॅडलबरोबर आणखी आवळत जातं. एखादा दणकट माणूस वर्षानुवर्षं चढ चढला असेल तर ते पान्ह्याने सुटत नाही. मग काढायचं हत्यार व्हाइसमध्ये पकडायचं, चाक त्यावर आडवं बसवायचं आणि रिम दोन्ही हातांनी धरून ट्रकचं स्टिअरिंग वळवावं तसं अख्खं चाक उलटं फिरवायचं. 'कट्' असा आवाज येतो आणि क्षणभर वाटतं हबच तुटला. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते त्या आवाजानंतर फक्त 'हं' म्हणायचे. हे ज्याने केलंय त्याला कॅसेटचं लॉकरिंग म्हणजे काही गड सर करणं वाटत नाही.

कॅसेटही काढल्यात. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर पांढरा व्रण आहे, तो लॉकरिंगच्या हत्याराचाच. हत्यार खाचांत नीट न बसवता हिसडा दिला, ते निसटलं आणि बोट थेट मोठ्या चकतीच्या दातांवर. तेव्हापासून क्विक रिलीज (तरफेने झटकन सुटणारं) असलेल्या चाकात मी आधी स्क्यूअरची, म्हणजे चाकाच्या मधोमध जाणारी, दांडी आरपार घालून तिच्या नटाने हत्यार जागेवर दाबून धरतो. लॉकरिंग सुटू लागलं की नट सैल करायचा, नाहीतर ते त्यालाच येऊन अडतं. हे मूळ लेखात लिहिलं आहे, तिसऱ्याच परिच्छेदात. ज्याने कधी कॅसेट काढलेली नाही त्याला ही युक्ती सुचते कशी, हे आपणच सांगावं.

असो. मुद्दा टॉर्कचा.

लॉकरिंगवर ४० न्यूटन मीटर छापलेलं असतं हे खरं आहे आणि ते मला ठाऊक आहे. मी लिहिलं होतं ते वाक्य असं: 'लॉकरिंग टकटक वाजू लागलं की अजून आवळा, शेवटचा जोर चांगला द्या.' हे तुम्हाला ढोबळ वाटलं. पण ४० न्यूटन मीटर म्हणजे हाताला काय लागतं, याचा हिशेब केलात का कधी? पाव मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला साधारण १६ किलो वजन टांगल्यावर जो जोर बसेल, तो. हा लहानसहान जोर नाही. मनगटाने होत नाही, खांदा लावावा लागतो. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट ५ न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात. तिथे मी टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका असंच सांगतो, कारण तिथे अंदाज चुकला की हात नेहमी जास्तीकडे जातो आणि आटे जातात, कार्बन असेल तर चिरतो. लॉकरिंगचं बरोबर उलटं आहे. नवखा माणूस तिथे भीतीपोटी कमी आवळतो. मी आजवर हातात घेतलेली बिघडलेली लॉकरिंगं बहुतेक सगळी सैल होती.

आणि लॉकरिंग करतं काय, हेही जरा बघा. तुम्ही पॅडल मारता तेव्हा जोर चेनमधून चकत्यांवर आणि चकत्यांतून फ्रीहबच्या खाचांवर जातो. लॉकरिंगच्या वाट्याला तो येत नाही. त्याचं काम चकत्यांची चळत आडवी दाबून धरणं, एवढंच. सर्वांत छोट्या चकतीच्या तोंडावर आणि लॉकरिंगच्या खालच्या अंगाला बारीक दातऱ्या असतात. त्या एकमेकींवरून घसरतात तेव्हा तो टकटक आवाज होतो, आणि त्याच पुढे लॉकरिंगला मागे फिरू देत नाहीत. म्हणून मी आवाजाची खूण दिली. ती खूण पहिल्या टकटकीला थांबण्याची नाही, तिथून पुढे आवळण्याची आहे. माझं वाक्य पुन्हा वाचा, त्यात 'अजून' आहे.

कमी आवळल्याने काय होतं तेही सांगतो, म्हणजे हा लेख निव्वळ भांडणाचा होणार नाही. चकत्या जागच्या जागी हलतात, गियर कधी पडतो कधी पडत नाही, आणि माणूस बिचारा डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) स्क्रू पिळत बसतो. ॲल्युमिनियमचा फ्रीहब असेल तर सुट्या पोलादी चकत्या खाचांच्या कडेत घुसतात. तशा त्या एरवीही थोड्याफार घुसतातच, सैल राहिल्या तर लवकर. काढताना चकती वर सरकत नाही, अडकून बसते. चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांडीने) तिला पॅडल मारण्याच्या उलट दिशेला हलकेच फिरवली की घरातून सुटते. बोट फिरवून बघितलं तर खाचेच्या एका कडेला ओळीने चावे घेतल्यासारखे खड्डे लागतात. वर आलेली धार बारीक कानसीने घासून काढायची आणि वेळेवर आवळलं नाही याबद्दल स्वतःला बोल लावायचा.

टॉर्क रेंच माझ्याकडे आहे. मी वापरतोही. पण ज्याच्याकडे तो नाही त्याने कॅसेट बदलायचीच नाही, असा जर तुमचा आग्रह असेल तर तो तुम्हाला लखलाभ. माझे वाचक रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसणारे आहेत, भिंतीवर हत्यारांची आरास मांडणारे नाहीत.

बाकीचे मुद्दे थोडक्यात.

स्पेसरचं म्हणणं मान्य. ती ओळ लेखाच्या तळाशी गेली होती, वर आणली आहे: ११ स्पीडच्या (मागे ११ चकत्या असलेल्या) रोड फ्रीहबवर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट चढवायची असेल तर मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर लागतो, आणि काही १० स्पीड कॅसेटना त्याच्यासोबत आणखी १ मिलिमीटरचा. तो विसरला तर लॉकरिंग कितीही आवळा, तळाला टेकून घट्ट होईल आणि चकत्या मात्र खुळखुळतच राहतील. हे ४० न्यूटन मीटरच्या रेंचनेही सुधारत नाही, जाता जाता नमूद करतो.

ग्रीसबद्दल: मी पातळ थर म्हटलं होतं, लोण्याचा गोळा नाही. तो चकत्यांच्या पोटाखाली, फ्रीहबच्या अंगावर असतो, गंज धरू नये म्हणून. लॉकरिंगच्या आट्यांनाही लावावं. धूळ धरते ती चेनवरच्या तेलाने, आणि त्याबद्दल तुमची काही तक्रार दिसली नाही.

चेनच्या झिजेवर याच जागी स्वतंत्र लेख आहे, तो वाचण्याचे कष्ट घेतले असते तर हा आक्षेप वाचला असता. तरी ज्यांना नको असेल जायला त्यांच्यासाठी: नव्या चेनच्या एका पिनेपासून तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ते दीड मिलिमीटर वाढलं की झीज अर्ध्या टक्क्यावर आली. ११ आणि १२ स्पीडला तिथेच चेन बदलावी, १० आणि त्याखालच्यांना पाऊण टक्क्यापर्यंत चालते. वेळेवर चेन बदलत गेलात तर कॅसेट दोन-तीन चेना सहज बघते. उशीर केलात तर नवी चेन जुन्या दातांवरून जोर लावताच उडी मारते.

'कधी काढलेली नसावी' म्हणणाऱ्यांना एक काम देतो. तुमच्या मागच्या चाकाची सर्वांत मोठी चकती दोन बोटांत धरा आणि आडवी हलवून बघा. फ्रीहबसकट सगळं किंचित हललं तर तो बेअरिंगचा खेळ आहे, थोडा असतोच. फ्रीहब जागेवर आणि चकत्याच तेवढ्या खुळखुळल्या, तर तुमचं लॉकरिंग सैल आहे किंवा स्पेसर राहिलाय. काय निघालं ते खाली लिहा. आणि या वेळी नाव लावून लिहा.