निष्ठेची वर्गणी

केबल कंपनीकडून परवा एक निरोप आला. त्याच्या पहिल्या ओळीत माझ्या दीर्घकालीन निष्ठेबद्दल मनःपूर्वक आभार मानले होते आणि दुसऱ्या ओळीत मासिक वर्गणी वाढवल्याचे कळवले होते. दोन्ही ओळींच्या मध्ये ‘परंतु’ नव्हते. दुसरी ओळ हे पहिलीचेच बक्षीस असावे, अशी एकूण मांडणी होती. खाली नव्या ग्राहकांसाठी पहिले वर्ष निम्म्या दरात असल्याची जाहिरात होती. जो काल आला त्याला सवलत, आणि जो वर्षानुवर्षे मुकाट्याने पैसे भरतो आहे त्याला आभार.

हिशेब करायला बसलो. वर्गणीला वाहिन्यांच्या संख्येने भागले की येणारा आकडा इतका किरकोळ असतो, की तक्रार करणाऱ्याला आपणच चिक्कू असल्याची शंका यावी. कंपनीला हाच भागाकार प्रिय असतो. प्रत्यक्षात भागायचे असते ते पाहिलेल्या तासांनी. प्रेक्षकांची मोजदाद करणाऱ्या नील्सन या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, अमेरिकेतील सरासरी घरात २००८ साली १२९ वाहिन्या येत होत्या आणि त्यांपैकी सुमारे १७ पाहिल्या जात होत्या. २०१३ साली १८९ येऊ लागल्या, तेव्हाही पाहिल्या जाणाऱ्या सुमारे १७च होत्या. पाच वर्षांत वाहिन्या साठने वाढल्या, डोळे मात्र प्रत्येकी दोनच राहिले. आमच्या घरी तर बातम्या, अधूनमधून एखादा सामना आणि घर अगदीच गप्प वाटू नये म्हणून लावून ठेवलेला आवाज, एवढाच वापर निघाला. कनेक्शन बंद करायचे ठरवून, बॉक्स पिशवीत घालून मी कंपनीच्या कार्यालयात गेलो.

रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. माझ्या पिशवीतून डोकावणारी वायर पाहून त्यांनी विचारले, “बंद करताय?”

“हो. फारसं पाहणं होत नाही.”

“माझंही होत नाही,” ते समाधानाने म्हणाले. “आमचा टीव्ही बिघडून बरेच दिवस झाले.”

“मग तुम्हीही बंद करायला आलात?”

“छे! वर्गणी भरायला आलोय. टीव्ही बिघडलाय, कनेक्शन उत्तम चालू आहे. त्याचा काय दोष?”

माझा चेहरा पाहून त्यांना माझी दया आली असावी. “असं बघा,” ते म्हणाले, “मी विम्याचे हप्ते भरतो. ते वसूल व्हावेत म्हणून मी मरावं, अशी तुमची अपेक्षा आहे का?”

अशी अपेक्षा निदान त्या क्षणापर्यंत तरी माझी नव्हती. त्यांनी काखेतील फाइल उघडली. प्रत्येक महिन्याची पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात क्रमाने लावलेली होती. सुरुवातीच्या पावत्यांवरची छपाई पूर्णपणे उडून गेली होती. त्या कोऱ्या कागदांवर त्यांनी पेन्सिलीने महिना लिहून ठेवला होता. आपला पॅक आता नव्या माणसाला कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही, हे त्यांनी बोटाने पाकीट पुसत सांगितले. त्यात खेळाच्या सगळ्या वाहिन्या होत्या. त्यांना खेळांची आवड आहे का, असे मी विचारले.

“मुळीच नाही. तुम्हाला आहे का?”

“सामने पाहतो कधी कधी.”

“मग ते माझ्या पैशांवर पाहता,” ते शांतपणे म्हणाले.

खरा राग मला इथे आला, कारण ते बरोबर होते. प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी मोजलेल्या अवाढव्य रकमा सामना पाहणाऱ्यांबरोबर न पाहणाऱ्यांकडूनही थोड्या थोड्या वसूल करायच्या, हाच पॅक नावाच्या योजनेचा पाया आहे. मी त्यांच्या जिवावर सामना पाहतो. माझ्या जिवावर कोणीतरी रात्रभर चालणारी दागिन्यांची विक्री पाहत असेल. कोण कोणाचे किती देणे लागतो, हे कोणालाच कळू नये, यातच त्या दराची सोय आहे. वस्तू सुटी विकली तर गिऱ्हाईक तिची किंमत विचारील, ही भीती असणार.

हा धंदा निघाला तेव्हा मामला इतका गुंतागुंतीचा नव्हता. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगनमधील काही गावांत डोंगरामुळे चित्र दिसत नसे, म्हणून उंच जागी एक सामाईक अँटेना उभारून तिथून घरोघर तार नेली गेली. पैसे तारेचे होते. त्याच पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बारी येथे १९७२ मध्ये एचबीओ ही वेगळे पैसे मोजून घ्यायची वाहिनी सुरू झाली आणि तारेबरोबर तारेतून येणाऱ्या मालाचीही किंमत लागू लागली. आता पर्याय म्हणून इंटरनेटवरील सेवा घ्याव्यात, तर तीन-चार घेतल्यावर बेरीज पुन्हा केबलच्या आसपास जाते. नेटफ्लिक्सने २०२२ मध्ये जाहिराती दाखवणारी स्वस्त योजना आणली. पैसे भरून जाहिराती पाहण्याची सवय तर केबलने मला केव्हाच लावली आहे. त्यासाठी नवे गुरू करण्याचे प्रयोजन मला दिसेना.

बाकी, सवलतीच्या दराने आत यायला फोनवर दोन बटणे पुरतात, आणि बाहेर पडायला मात्र रजा टाकून, पिशवी घेऊन, रांगेत उभे राहावे लागते, यात विनोद करण्यासारखे काही नाही. ज्या सोप्या रीतीने वर्गणी सुरू होते, तितक्याच सोप्या रीतीने ती बंद करता यावी, असा नियम अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२४ मध्ये केला होता. तो पूर्णपणे लागू होण्याच्या तोंडावर, जुलै २०२५ मध्ये, तेथील न्यायालयाने कार्यपद्धतीतील त्रुटीवर बोट ठेवून तो रद्द केला. पिशव्या तिकडेही घराबाहेर निघतच असणार.

गृहस्थांनी वर्गणी भरली, पावती पाकिटात सरकवली, आणि माझे काय होते ते पाहायला बाजूला उभे राहिले. खिडकीमागच्या बाईंनी बॉक्स, अॅडॉप्टर आणि वायर तपासली आणि रिमोट उलटा करून माझ्यासमोर धरला.

“सर, सेलवरचं झाकण नाहीये. अपुरं साहित्य जमा होत नाही.”

“झाकणाचे पैसे घ्या.”

“झाकण सुटं येत नाही, सर. ते रिमोटबरोबर येतं.”

“मग रिमोटचे घ्या.”

“रिमोट बॉक्सबरोबर येतो.”

बॉक्स कशाबरोबर येतो, हे मला विचारावे लागले नाही. निष्ठावंत ग्राहकांसाठीच्या वार्षिक पॅकचे पत्रक त्यांनी आधीच खिडकीतून पुढे सरकवले होते, आणि माझ्या खांद्यावरून वाकून ते गृहस्थ त्यातील खेळाच्या वाहिन्या मोजू लागले होते.