जहाजावर चढायच्या दिवशी शहर उरकू नका

क्रूझ बुक करताना एजंट हमखास गळ घालतात, "सकाळी विमानतळावरून उचलतो, चार तासांत शहर दाखवतो आणि थेट बंदरावर सोडतो." ऐकायला छान वाटतं. हॉटेलची एक रात्र वाचते, सामान बसमध्येच राहतं, शहरही पदरात पडतं. मागच्या वर्षी बार्सिलोनात आम्ही हेच केलं. सोबत आई-बाबा होते, दोघंही सत्तरी ओलांडलेले. त्या दिवसाची रुखरुख अजून गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर तोंडावर पाणी मारून बसमध्ये बसलो. यादीत सात ठिकाणं. सग्रादा फमिलियाला बस थांबली तेव्हा गाइड म्हणाला, "पंधरा मिनिटं, फोटो काढा आणि परत या." या चर्चचं काम 1882 साली सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते वास्तुकार गौडीकडे आलं आणि 1926 मध्ये ट्रामच्या धडकेनं मृत्यू येईपर्यंत तो त्यातच होता. त्याला पुरलंय तेही तिथंच, तळघरात. आत जायला ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, आणि ते आमच्या सहलीत नव्हतं. आई रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मान वर करून बघत होती. मान दुखायला लागली तसं तिनं विचारलं, "आत नाही जायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिथंच बाबांना बीपीच्या गोळीची आठवण झाली. गोळ्या मोठ्या बॅगेत आणि ती बॅग बसच्या डिकीत, चाळीस जणांच्या सामानाखाली. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं उन्हात एकेक बॅग बाहेर काढली. जहाजावर चढायच्या दिवशी औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक कपड्यांचा जोड हे सगळं खांद्यावरच्या पिशवीतच हवं. बंदरावर एकदा टॅग लावलेली बॅग हमालाच्या हवाली केली की ती केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते.

शेवटी मोंजुइकच्या टेकडीवर गेलो. तिथून सगळं बंदर दिसतं. आमचं पांढरं जहाज धक्क्याला लागलेलं दिसलं आणि त्या क्षणापासून बसमधल्या एकाचंही लक्ष शहराकडे राहिलं नाही. जो तो घड्याळ बघत होता. खाली उतरताना वाहतुकीत अडकलो तेव्हा तर बसमध्ये कुणी बोलेना. माझं खरं म्हणणं हेच आहे. डोक्यात जहाज असताना शहर दिसत नाही.

ती धास्ती उगाच नसते. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी चढणं बंद होतं, कारण प्रवाशांची यादी पक्की करायची असते. शिवाय सुरक्षेचा सराव असतो. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं, 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालाच नव्हता, कारण तेव्हा त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. 2015 पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर सराव व्हावाच लागतो. त्यामुळे 'दहा मिनिटं उशिरा गेलो तर काय बिघडतं' हे इथं चालत नाही. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी जहाज थांबत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा.

बार्सिलोनात निदान बंदर शहराला लागून आहे. 'रोमहून क्रूझ' असं छापलेलं असतं तेव्हा जहाज असतं चिव्हितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. लंडनचं म्हणून सांगतात ते बऱ्याचदा साउथॅम्प्टन असतं, तेही शंभराच्या वर किलोमीटर लांब. अशा ठिकाणी कलोसियम बघून दुपारी जहाज गाठू म्हणणं म्हणजे घरच्या म्हाताऱ्या माणसांचे हाल करणं आहे.

एक दिवस आधी पोहोचा. खर्च वाढतो, मान्य. पण विमानाला उशीर झाला तरी क्रूझ बुडत नाही. आणि तेवढं जमणारच नसेल तर सात ठिकाणांच्या सहलीला सरळ नाही म्हणा. एकच जागा निवडा, तिचं तिकीट आधी काढा, सामान कुठं राहणार आणि बंदरावर किती वाजता सोडणार हे लिहून घ्या. सामानाबद्दल गोलगोल उत्तर मिळालं तर ती सहल घेऊच नका.

आमची क्रूझ बार्सिलोनालाच संपणार होती आणि परतीचं विमान रात्रीचं होतं. जहाजावरच सकाळी दहाचं तिकीट काढलं, बंदरावरून निघून सामान लॉकरमध्ये टाकलं आणि सग्रादा फमिलियाच्या आत गेलो. झाडांसारखे फांद्या फुटलेले खांब, पूर्वेच्या काचांमधून येणारा निळा-हिरवा उजेड. आई बाकावर बसली ती पाऊण तास उठलीच नाही. मांडीवरच्या तिच्या हातांवर तो निळा रंग हळूहळू सरकत होता आणि ती तेवढंच बघत होती.